कोरडा टप्पा

विल्फ्रेडच्या हातात कोणी हँडल दिलं नाही.

लॉकपाशी, पाणी भरून नावा वर चढवणाऱ्या त्या दारबंद कुंडापाशी, नावा थांबल्या तेव्हा एबलच्या पाठीमागे पट्ट्यात त्याचं हँडल खोचलेलं होतं, त्याच्या बायकोच्या, डॉर्कसच्या खांद्यावर तिचं होतं, आणि म्हाताऱ्या एनॉकचं तर कायमचं त्याच्या कमरेलाच असायचं. कालव्यावरची माणसं एक वेळ तोंडातला घास काढून दुसऱ्याला देतील, पण झडपा फिरवायचं आपलं लोखंडी हँडल देणार नाहीत. ते बापाकडून आलेलं असतं, हाताला बसलेलं असतं. विल्फ्रेड पावाच्या भट्टीवरचा माणूस. एनॉकच्या मुलीशी, थर्झाशी लग्न करून अकरा वर्षं झाली तरी टॅन्सली घराण्यात त्याचं नाव एकच होतं, ‘काठावरचा’.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"तू दार ढकल," मेहुणा एबल रोवन नावेच्या सुकाणूवरून ओरडला. "पाठ लावायची आणि रेटायचं. त्याला डोकं लागत नाही."

डॉर्कस फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. हसायचा दिवस नव्हता. दोन्ही नावा लॉकमध्ये शेजारी शेजारी लागल्या होत्या. इंजिनाची रोवन, आणि तिच्यामागून ओढली जाणारी ॲल्डर. ॲल्डरच्या रिकाम्या हौद्यात, जिथे एरवी कोळसा असायचा, तिथे फळ्यांवर एनॉकच्या बायकोची, केझायाची शवपेटी ठेवली होती. वर धुतलेली काळी ताडपत्री. पाण्याच्या रंगवलेल्या कॅनला हेटीने काळी फीत बांधली होती. उद्या सकाळी ब्रॅम्बलीच्या चर्चमध्ये दफन होतं. केझायाची आई, आजी, सगळ्या तिथेच टेकडीवर होत्या, आणि सगळ्या पाण्यावरूनच गेल्या होत्या.

थर्झा ॲल्डरच्या मागच्या टोकाला धाकट्या बहिणीशेजारी उभी होती. सुकाणू हेटीच्या हातात होतं. आई आजारी पडल्यापासून ते तिच्याच हातात होतं.

"खालच्या दारांतून केवढं पाणी जातंय बघ," हेटी म्हणाली. खरंच, खालची दारं इतकी कुजली होती की फळ्याफळ्यांतून पिचकाऱ्या उडत होत्या. "दादा म्हणतो कंपनी ही दारं कधी बदलणारच नाही. कालवाच बंद करायचाय त्यांना."

वरच्या दाराच्या दोन बाजूंना दोन झडपा. पलीकडची डॉर्कसने उघडली, अलीकडची एनॉकने. वरच्या टप्प्यातलं, म्हणजे पुढच्या लॉकपर्यंतच्या कालव्यातलं पाणी घुसळत आत आलं आणि नावा हळूहळू चढायला लागल्या. विल्फ्रेडने पाठ लावून दार उघडलं. पाण्यावर बीचची पिवळी पानं इतकी दाट साचली होती की रोवन त्यांतून निघाली तेव्हा मागे एक काळा रस्ता पडत गेला. मग दोर ताणला आणि ॲल्डरही निघाली.

एनॉक झडपेच्या खांबाशी उभा होता. पेटी समोर आली तशी त्याने टोपी काढली. हँडल आणि टोपी दोन्ही एकाच हातात धरून तो उभा राहिला, आणि नाव पुढे सरकली तसा तिच्याबरोबर काठाने चालायला लागला, उघड्या डोक्याने, मागे न बघता. थर्झाला गलबलून आलं. बापाला तिने उघड्या डोक्याने फार तर चारपाच वेळा पाहिलं असेल.

मागे विल्फ्रेडने दार बंद केलं, डॉर्कसने आपली झडप खाली सोडली. अंधारून आलं होतं, धुकं उतरत होतं. एनॉकची झडप कोणी बघितली नाही. एनॉक टॅन्सलीची झडप बघायची कालव्यावर पद्धतच नव्हती.

*

जेवण ॲल्डरच्या केबिनमध्ये झालं, आईच्या केबिनमध्ये. एबलची पोरं रोवनवर निजली होती, तरी दोन माणसांना जेमतेम पुरणाऱ्या त्या खोलीत सहा जण कसेबसे मावले. विल्फ्रेड दाराच्या पायरीवर, अर्धा आत आणि अर्धा धुक्यात. भिंतीवर लेसच्या किनारीच्या बशा फितींनी टांगलेल्या होत्या. चुलीवरची पितळी कांब हेटीने सकाळीच घासली होती. चुलीशेजारच्या आईच्या जागेवर डॉर्कस बसायला गेली आणि एनॉकने नुसतं बघितलं तशी उठून उभी राहिली.

"पाय दुखतात हो बाबा," ती म्हणाली.

"मग घडीच्या स्टुलावर बस, सूनबाई."

खारवलेल्या मांसाचा रस्सा होता, त्यात सलगम आणि कणकेचे गोळे. मग एबलने ताटली पुसून घेतली आणि घसा साफ केला, आणि थर्झाच्या लक्षात आलं की नवराबायकोचं आधीच ठरलेलं आहे.

"परवा कंपनीचा माणूस धक्क्यावर येणार," एबल म्हणाला. "विचारणार, मागची नाव कोण चालवणार? जोडीवर पुरती माणसं नसली तर जोडी काढून घेतात. बाबा, तुम्हाला माहीतच आहे."

"हेटी चालवते की," एनॉक म्हणाला.

"हेटीचं नाताळच्या आधी लग्न आहे," थर्झा म्हणाली. "ती जेमच्या नावेवर जाणार."

"लग्न काय पळून जातंय?" डॉर्कस म्हणाली. "जेम थांबेल. एखादं वर्ष, फार तर दोन. आम्ही नाही थांबलो? माझ्या बापाचा पाय मोडला तेव्हा एबल थांबलाच ना."

"तू थांबलीस ते वहिनी, तुझ्या बापाचा पाय बरा होणार होता म्हणून. आई परत येणार आहे का?"

हे बोलायला नको होतं. हेटीने खाली मान घातली. एनॉक चुलीकडे बघत राहिला.

"तुला बोलायला काय जातंय, थर्झा?" एबल म्हणाला. "तू अकरा वर्षांपूर्वीच उतरलीस. विटांचं घर, नळाचं पाणी. बाबांना कुठे ठेवायचं ते आम्ही बघायचं. माझ्या केबिनमध्ये आम्ही दोघं आणि तीन पोरं. तिथे बाबांना टांगून ठेवू का बशीसारखं?"

आता खरं बाहेर आलं, थर्झाच्या मनात आलं. एबलला बापाची नाव वाचवायची नव्हती, बापापासून आपली केबिन वाचवायची होती. पण त्यात तो वाईट होता असंही नाही. तीन पोरं त्या खोलीत कशी झोपतात ते तिने पाहिलं होतं.

"आमच्याकडे मागची खोली आहे," विल्फ्रेड पायरीवरून म्हणाला. "खिडकीतून कालवा दिसतो. आई आजारपणात पंधरा दिवस राहून गेल्या त्याच खोलीत."

एनॉकने उत्तर दिलं नाही. तो विल्फ्रेडशी बोलत नसे. लग्नाच्या दिवशी जे तोंड मिटलं ते अकरा वर्षं मिटलेलंच होतं. काही सांगायचं झालं तर तो थर्झाला सांगे, तेही विल्फ्रेड समोर बसलेला असताना.

"तुझ्या नवऱ्याला सांग," तो आताही थर्झाला म्हणाला, "तुझी आई त्या खोलीत एक रात्र नीट झोपली नाही. घर हलतच नाही, म्हणायची. न हलणाऱ्या घरात माणसाला कळणार कसं आपण जिवंत आहोत ते?"

"त्याच खोलीत तिने मला सांगितलंय बाबा," थर्झा म्हणाली. "हेटीला जाऊ दे म्हणाली. म्हातारा आडवा येईल, तू उभी राहा म्हणाली."

"तुझी आई मला असं काही बोलली नाही," एनॉक म्हणाला.

"तुम्हाला कशी बोलणार? तुमच्याशी भांडायची ताकद राहिली होती का तिच्यात?"

एनॉकने चमचा खाली ठेवला. तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे बघा," तो म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून झडपा फिरवतोय. नावा घोडा ओढायचा तेव्हापासून. ज्या दिवशी एनॉक टॅन्सलीच्या हातून एक झडप उघडी राहील, त्या दिवशी मला काठावर उतरवा. कुठेही ठेवा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण तोवर माझ्या नावेची वाटणी माझ्यासमोर बसून करायची नाही."

हेटी उठली आणि ताटल्या गोळा करायला लागली.

"मी थांबते, बाबा," ती पाठमोरी म्हणाली. "जेमला सांगेन मी."

"पोर शहाणी आहे," एनॉक म्हणाला.

डॉर्कसने सुस्कारा सोडला. थर्झाने हेटीच्या हातातल्या ताटल्या घ्यायला हात पुढे केला, पण हेटीने दिल्या नाहीत. मृताशेजारी कोणीतरी हवं, म्हणून विल्फ्रेड आपणहून हौद्यात जाऊन बसला. भट्टीवाल्याला जागरणाची सवय असते, तो म्हणाला.

*

सकाळी थर्झाला जाग आली ती चहाचं भांडं घरंगळून तिच्या पायावर आलं तेव्हा. केबिन तिरपी झाली होती. भिंतीवरच्या बशा भिंतीपासून सुटून हवेत लोंबत होत्या.

बाहेर आली तर कालवा नव्हता. सगळा टप्पा, या लॉकपासून वरच्या लॉकपर्यंत, चिखल झाला होता. मधोमध वीतभर पाण्याची रेघ. पिवळी पानं चिखलाला चिकटली होती आणि दोन्ही नावा बूड टेकून कलंडल्या होत्या. एक हंस चिखलातून पाय उपसत चालला होता, रागावल्यासारखा.

"अरे देवा," डॉर्कस रोवनवरून ओरडली. "पेटी! पेटी बघा आधी!"

पेटी जागेवर होती. फळ्या सरकल्या होत्या, पण पेटीच्या खालच्या बाजूला एक कोट घडी करून, त्यामागे दोन लाकडं ठोकून पाचर मारलेली होती. कोट विल्फ्रेडचा होता, चर्चसाठी आणलेला, एकुलता एक चांगला. तो स्वतः तिथे नव्हता. तेवढ्यात खालच्या लॉकच्या बाजूने खडखडाट करत झडप पडल्याचा आवाज आला. हँडल न लावता, झडप वर अडवून धरणारा खटका काढून ती तशीच आपटली की तो आवाज येतो. कालव्यावरची माणसं तसं करत नाहीत.

सगळे धावले. विल्फ्रेड शर्टाच्या बाह्या सावरत झडपेच्या खांबाशी उभा होता. अलीकडच्या खांबाशी. वरची झडप उघडी, खालची दारं कुजकी. सगळा टप्पा एका रात्रीत लॉकमधून खाली वाहून गेला होता.

"कोणी ठेवली उघडी?" एबल धापा टाकत म्हणाला. "कोण होतं या बाजूला?"

थर्झाने वळून बापाकडे बघितलं. एनॉक मागून येत होता, एकेक पाऊल टाकत. डॉर्कसही त्याच्याकडेच बघत होती. हेटीही.

"माझ्याकडून राहिली," विल्फ्रेड म्हणाला.

"तुझ्याकडून? तुझ्याकडे हँडल कुठे होतं?"

"बाबांनी वर केली होती. निघताना मला म्हणाले, दार लावलंस की खटका काढ आणि खाली सोड. मी दाराच्या नादात विसरलो."

तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं की एनॉक त्याच्याशी अकरा वर्षांत एक अक्षर बोललेला नाही. एबलला माहीत होतं, डॉर्कसला माहीत होतं. विल्फ्रेडला तर सगळ्यांत जास्त. थर्झा वाट बघत होती, कोणीतरी म्हणेल, हे शक्य नाही. एबलने बापाकडे बघितलं, मग चिखलाकडे, आणि मग त्याला जे सोयीचं होतं ते त्याने धरलं.

"काठावरचा तो काठावरचाच!" तो गरजला. "एक काम सांगितलं होतं, एक! आज आईला मातीत ठेवायचं आणि ती इथे चिखलात!"

"तरी मी म्हणत होते," डॉर्कस म्हणाली, आणि ती काय म्हणत होती ते तिलाही सुचलं नाही.

एनॉक तिथवर आला. त्याने खांबाच्या दातेरी पट्टीवर हात ठेवला, जिथे काल त्याचा हात होता. त्याचं तोंड किंचित उघडलं. थर्झाला वाटलं, आता बोलेल. एनॉकने तोंड मिटलं.

"वरून पाणी आणायला हवं," तो म्हणाला आणि वरच्या लॉकच्या दिशेने निघाला.

"आमच्या भट्टीची गाडी मागवता येईल," विल्फ्रेड हळूच म्हणाला. "रस्त्याने अर्ध्या तासात—"

"पावाच्या गाडीतून सासूबाई?" डॉर्कस किंचाळली. "त्यापेक्षा एक पावच करून टाक ना त्यांचा!"

"पाण्यावरूनच जाईल ती," चालता चालता एनॉक म्हणाला. कोणाला म्हणाला, कळलं नाही.

*

थर्झाने नवऱ्याला पुलाखाली गाठलं.

"खोटं बोललास."

"हो."

"का?"

"काल ते टोपी काढून उभे होते," विल्फ्रेड म्हणाला. "मी दार रेटत होतो, मला दिसत होतं. आई बाहेर पडेपर्यंत उभे होते. मग तसेच चालायला लागले. झडप वर आहे का खाली, मला काय कळतंय त्यातलं? कळलं असतं तर हाक मारली असती. पहाटे नाव कलली, पेटी सावरली आणि लॉकवर जाऊन बघितलं तेव्हा समजलं." त्याने थंडीने हात चोळले. "वर ब्रॅम्बलीला सगळा कालवा जमलाय थर्झा. आज त्यांना बायकोला पोचवायचंय. त्या गर्दीत त्यांनी कोणत्या तोंडाने उभं राहायचं?"

"आणि हेटी?"

"हेटीचं काय?"

"काल काय म्हणाले ते ऐकलंस ना? एक झडप उघडी राहिली की उतरवा मला. राहिली! हेटी सुटली होती, विल्फ्रेड. तू तिला परत बांधून घातलंस."

विल्फ्रेडचा चेहरा पडला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. हा माणूस असाच होता. समोरच्याचं दुःख दिसलं की त्याला त्याच्यामागचं काही दिसायचं नाही. थर्झाला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी तो कोटाशिवाय कुडकुडतोय हेही दिसत होतं. तिने स्वतःची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"मी सांगणार आहे बाबांना," ती म्हणाली.

ती वरच्या लॉकवर गेली. एबल पलीकडच्या झडपेवर होता. अलीकडे एनॉक एकटा. तो हँडल खांबाच्या चौकोनी दांड्यावर बसवायचा प्रयत्न करत होता. हँडल दांड्याच्या बाजूला लागलं. त्याने परत लावलं, परत चुकलं. मग त्याने डाव्या हाताने दांडा चाचपला, बोटांनी जागा शोधली आणि हँडल बसवलं. पाणी खाली सुटलं, रोरावत, चिखलावरची पानं उचलत.

चाहूल लागली तसा तो वळला.

"धुकं फार आहे आज," तो म्हणाला.

धुकं केव्हाच निवळलं होतं. ऊन पडलं होतं. वरच्या शेतातली मेंढरंसुद्धा दिसत होती.

थर्झा बरंच काही ठरवून आली होती. त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. ती बापाशेजारी उभी राहिली आणि दोघांनी टप्पा भरताना बघितला. आधी मधली रेघ रुंदावली, मग चिखल बुडाला, मग खूप वेळाने रोवनचं बूड सुटलं आणि ती सरळ झाली. ॲल्डर शेवटी सुटली. हेटी लांब दांड्याने तिला काठापासून ढकलत होती, पूर्ण अंग टाकून, अगदी आईसारखी. ती किती छान नाव चालवते, थर्झाच्या मनात आलं, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

*

ब्रॅम्बलीला पोचेपर्यंत पाद्री थंडीने लाल झाला होता. पण कालवेकरी एकही गेला नव्हता. काठाला नावांची रांग लागली होती, सगळ्यांच्या धुरांड्यांतून धूर, सगळ्यांच्या कॅनला काळ्या फिती. ॲल्डर रांगेपुढून गेली तशा टोप्या उतरत गेल्या. टेकडीवर पेटी खांद्यांवरून नेली. एबल पुढे होता. सहावा खांदा कमी पडला तेव्हा विल्फ्रेड पुढे झाला, कोट चिखलाने भरलेला, आणि एबलने मान दुसरीकडे फिरवली.

माती टाकून झाल्यावर माणसं कुंपणापाशी रेंगाळली. जेम हेटीशेजारी उभा होता. हेटी त्याला काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत नुसता तिच्या हातमोज्याकडे बघत होता. तो नाही म्हणाला नाही. तो नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता.

"उशीर का रे झाला एबल?" एका म्हाताऱ्या नाववाल्याने विचारलं. "आम्हाला वाटलं इंजिन बसलं."

"इंजिन नाही. काठावरचा जावई," एबल म्हणाला. "झडप उघडी टाकून झोपला. सगळा टप्पा कोरडा."

लोक हसले. मोठ्याने नाही, दफनाच्या जागी हसतात तेवढंच. "पावाच्या भट्टीचं दार समजला असेल," कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू पसरलं. विल्फ्रेडने बुटांकडे बघितलं. पुढची कित्येक वर्षं कालव्यावर ही गोष्ट सांगितली जाणार होती, त्याच्या नावासकट, आणि ते त्यालाही कळत होतं.

एनॉक चार पावलांवर उभा होता. टोपी हातात होती. त्याने ऐकलं. थर्झाने त्याला ऐकताना बघितलं.

तो तिथे काही बोलला नाही.

*

परतीच्या वाटेवर, त्याच लॉकपाशी, ऊन कलत आलं होतं. नावा आता खाली उतरवायच्या होत्या, त्यासाठी लॉक आधी वरपर्यंत भरायला हवं होतं. डॉर्कस पलीकडे गेली. एनॉक अलीकडच्या खांबाशी गेला, चाचपून हँडल बसवलं आणि झडप उघडली. कुजक्या दारांतून पाणी गळत होतं, तरी लॉक भरलं. विल्फ्रेडने न सांगता पाठ लावून दार उघडलं. आज त्याला कोणी हसलं नाही. नावा आत गेल्या. दार लागलं. डॉर्कसने आपली झडप खाली केली.

एनॉक खांबाशी उभाच राहिला.

"बाबा," एबल नावेवरून म्हणाला. "झडप."

"कळतंय मला," एनॉक म्हणाला.

त्याने कमरेचा रुंद पट्टा सैल केला, उगाचच, आणि परत आवळला. मग दांड्यावरचं हँडल काढून घेतलं. झडप खटक्यावर तशीच वर राहिली. ते हँडल त्याच्या बापाचं होतं. मधला भाग हातांनी घासून घासून चांदीसारखा झाला होता. ते घेऊन तो दारावरच्या फळीवरून पलीकडे चालत गेला, एका हाताने कठडा धरून, आणि विल्फ्रेडसमोर जाऊन थांबला.

"काल मी तुला काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

हा आवाज विल्फ्रेडला ओळखीचा होता, पण त्याच्याकडे तोंड करून तो आवाज कधी आला नव्हता. त्याने मान हलवली.

"मोठ्याने बोल. त्यांना ऐकू येऊ दे. सांगितलं होतं का?"

"नाही, बाबा."

"नव्हतं सांगितलं," एनॉक नावांकडे वळून म्हणाला. एबल रोवनवर होता, हेटी ॲल्डरवर, थर्झा तिच्याशेजारी. "झडप माझ्याकडून राहिली. मी काय म्हणालो होतो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. एबल, उद्या कंपनीच्या माणसाला काय सांगायचं ते मी सांगेन. ज्यांना ज्यांना तू तिकडे वर गोष्ट सांगितलीस, त्यांना तू सांग. प्रत्येक नावेवर जाऊन. आणि हेटी..."

हेटीने सुकाणूवर डोकं टेकलं होतं. तिचे खांदे हलत होते. थर्झाने तिला जवळ घेतलं.

"नाताळच्या आधी," एनॉक म्हणाला. "ठरलंय तसंच."

मग तो परत विल्फ्रेडकडे वळला आणि हँडल त्याच्यासमोर धरलं. विल्फ्रेडने हात पुसले आणि दोन्ही हातांनी ते घेतलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं.

"काल सांगितलं नव्हतं. आज सांगतोय," म्हातारा म्हणाला. "जा. झडप खाली सोड. हँडल लाव, खटका काढ, आणि फिरवत फिरवत सोड. सकाळसारखी आपटू नकोस. लोखंड तुटतं."

दोघं फळीवरून अलीकडे आले, विल्फ्रेड पुढे आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून एनॉक मागे. विल्फ्रेडने हँडल बसवलं. पहिल्याच फेऱ्याला ते निसटायला लागलं तसा एनॉकने आपला हात त्याच्या हातावर दाबून धरला. झडप हळूहळू खाली गेली. पाण्याचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

"गेली का पूर्ण?" एनॉकने विचारलं. तो झडपेकडेच बघत होता.

"गेली, बाबा."

"परत एकदा बघ."

विल्फ्रेड वाकला आणि त्याने परत एकदा बघितलं.